महासाथीतलं घरून काम : काम टिकलं, पण माणसांचं काय?

पायवाट

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मधल्या काळात ज्यांनी घरून काम केलं त्यांच्याकडे अनुभवाचा मोठा साठा आहे. तो विसरला जायच्या आत नोंदवावा म्हणून हा धागा काढतोय. पुढची साथ आली तर लॅपटॉप आणि इंटरनेटची सोय या वेळी लवकर होईल, कारण ती कशी करायची ते आता सगळ्यांना माहीत आहे. एकमेकांशी जोडलेलं राहायचं कसं, हे मात्र शिकलोय का याबद्दल मला शंका आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दूर राहून काम करताना जवळचे सहकारी तुटत नाहीत. त्यांच्याशी रोज बोलणं होतंच, उलट जास्तच होतं. तुटतात ती अर्धवट ओळखीची माणसं : दुसऱ्या विभागातली, वरच्या मजल्यावरची, लिफ्टमध्ये भेटणारी, नाव नीट ठाऊक नसलेली पण चेहऱ्याने ओळखीची. त्यांच्यासाठी कुणी मीटिंग लावत नाही. आणि नुसत्या मीटिंगा वाढवून ती परतही येत नाहीत.

हे नुसतं माझं मत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांतल्या ईमेल, कॅलेंडर, मेसेज आणि कॉलच्या नोंदींचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते असं : सगळेच घरी बसल्यावर गट आतून आणखी घट्ट झाले आणि एका गटातून दुसऱ्या गटात जाणारे दुवे कमी झाले. मीटिंगा आणि कॉल मिळून, म्हणजे त्याच क्षणी होणारं बोलणं घटलं. लिहून ठेवायचं आणि समोरच्याने सवडीने वाचायचं, असा संवाद वाढला.

यात तोटा काय, असं कुणी विचारेल. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की नोकरीची, संधीची, नव्या गोष्टीची खबर बहुतेक वेळा जिवलग मित्रांकडून येत नाही, तोंडओळखीच्या माणसांकडून येते. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. कामातही तेच. आपण महिनाभर ज्या अडचणीशी झगडतोय ती शेजारच्या विभागाने मागच्या वर्षी सोडवलेली असते आणि हे जिन्यात उभ्या उभ्या कळतं. एमआयटीतले टॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंते एकमेकांशी किती वेळा बोलतात हे मोजलं होतं. बसायच्या जागांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने कमी होतं आणि साधारण ५० मीटरनंतर ते नगण्य होतं, असं त्यांना आढळलं. सगळे आपापल्या घरात असतील तर हे अंतर कुणाच्याच बाबतीत ५० मीटर राहत नाही.

आमच्या गटात ज्या गोष्टींनी खरंच फरक पडला त्या लिहितो.

पहिली म्हणजे जोड्या. दर आठवड्याला दोन वेगवेगळ्या विभागांतल्या दोन माणसांची चिठ्ठी काढून जोडी लावायची. वीस मिनिटं, फक्त आवाज, व्हिडिओ नाही, विषय ठरलेला नाही, टिपणं नाहीत. बरेच जण घरातल्या घरात फेऱ्या मारत बोलायचे. सुरुवातीला लोक अवघडले होते, पण जोड्या बंद करायचं सुचवलं तेव्हा सर्वांत मोठा विरोध त्याच लोकांनी केला. फक्त आवाजावर भर देण्यामागे कारण आहे. अमित कुमार आणि निकोलस एपली या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायला सांगितलं, काहींनी फोनवर, काहींनी ईमेलने. फोन अवघड जाईल असं लोकांना आधी वाटत होतं. प्रत्यक्षात फोन केलेल्यांना जवळीक जास्त वाटली आणि अवघडलेपण ईमेलइतकंच. अनोळखी लोकांच्या पुढच्या प्रयोगात असंही दिसलं की आवाजाने जी जवळीक येते त्यात चेहरा दिसण्याने फारशी भर पडत नाही.

दुसरी गोष्ट, एका माणसाकडे स्पष्ट जबाबदारी. आठवडाभरात ज्याचा आवाज कुठेच ऐकू आला नाही त्याला फोन करायचा. कामाचं विचारायचं नाही, नुसतं बरं आहे ना एवढं विचारायचं. हे काम दर महिन्याला वेगळ्या माणसाकडे जायचं. साथीच्या काळात गप्प झालेला माणूस आजारी असू शकतो, घरातल्या कुणाची तरी शुश्रूषा करत असू शकतो, कुणाला तरी गमावून बसलेला असू शकतो. 'सगळे एकमेकांची काळजी घ्या' असं म्हटलं की ते कुणाचंच काम उरत नाही.

न चाललेल्या गोष्टींत सर्वांत वर सक्तीचे ऑनलाइन खेळ आणि संध्याकाळी उशिराची 'मजेची' मीटिंग. दिवसभर पडद्यासमोर बसलेल्या माणसाला मजेसाठी पुन्हा त्याच पडद्यासमोर बसवणं हा मला त्याच्यावरचा अन्याय वाटतो.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. पटलं नसेल तर तेही.

---

अर्धविराम

जोड्यांची कल्पना फार आवडली. फक्त एक गोष्ट जोडते : जोडलं जाण्याइतकंच सुटं होता येणंही महत्त्वाचं आहे.

२०२० मध्ये अभ्यासकांनी उत्तर अमेरिका, युरोप आणि मध्यपूर्वेतल्या १६ महानगरांमधल्या ३१ लाखांहून अधिक लोकांच्या ईमेल आणि मीटिंगांच्या नोंदी तपासल्या. टाळेबंदीनंतर मीटिंगांची संख्या सुमारे १३ टक्के वाढली, प्रत्येक मीटिंग सरासरी २० टक्के आखूड झाली आणि कामाचा दिवस मात्र सरासरी ४८.५ मिनिटांनी लांबला. मीटिंगांमधला एकूण वेळ खरं तर घटला, तरी दिवस लांबला! हे वाढलेले तास कुठे गेले ते माझ्या घरच्यांना नेमकं सांगता येईल. रात्री उशिरा येणाऱ्या 'एकच छोटी गोष्ट'मध्ये ते गेले.

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काचा कायदा २०१७ पासून आहे. पोर्तुगालने २०२१ च्या शेवटी कायदा करून मालकावरच बंधन घातलं की कामाच्या वेळेबाहेर, अगदी तातडी नसेल तर, कर्मचाऱ्याशी संपर्क साधायचा नाही. मला हा दुसरा प्रकार जास्त योग्य वाटतो. 'तुला उत्तर न देण्याचा हक्क आहे' असं म्हटलं की ओझं कर्मचाऱ्यावर राहतं. वरिष्ठाचा मेसेज समोर असताना तो न उघडण्याचं धैर्य नव्याने लागलेल्या मुलीने कुठून आणायचं? 'तू पाठवूच नकोस' म्हटलं की ओझं योग्य खांद्यावर जातं.

---

सरळरेषा

माझं मत वेगळं आहे. धाग्यात आधीच गृहीत धरलंय की ऑफिसमधली ओळखदेख ही सगळ्यांना हवीशी गोष्ट आहे. मला ती कधीच नव्हती. साथीत मी माझं आजवरचं सर्वांत चांगलं काम केलं, कारण कुणी मागून येऊन खांद्यावर थाप मारत नव्हतं. प्रवासाचा वेळ वाचला तो घरच्यांना मिळाला. आईवडिलांशी इतकं बोलणं नोकरी लागल्यापासून कधी झालं नव्हतं. जोडलेलं राहायचं ते कुणाशी, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

संशोधनच हवं असेल तर चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीतला प्रयोग बघा. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तो साथीच्या कितीतरी आधी केला होता. कॉल सेंटरमधल्या इच्छुकांपैकी कोण घरी बसणार हे वाढदिवसाची तारीख सम की विषम यावरून ठरवलं. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं.

---

पायवाट

सरळरेषा, कुणाशी जोडलेलं राहायचं हा प्रश्न रास्त आहे आणि घरच्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून खरंच बरं वाटलं. पण त्या प्रयोगाचा पुढचा भाग सोडू नका. नऊ महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा निवड करू दिली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपला आधीचा निर्णय बदलला. घरी एकटं वाटतं म्हणून परत जाणारे त्यात बरेच होते. घरून काम करणाऱ्यांना, कामगिरी तितकीच चांगली असूनही, बढती कमी मिळाली हेही त्यातच आहे. म्हणजे नजरेआड झाल्याची किंमत मोजावी लागते, अगदी कुणाशी गप्पा मारायची आवड नसली तरी.

त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब अशी की लोकांनी अनुभव घेऊन मग निवड केल्यावर फायदा १३ वरून २२ टक्क्यांवर गेला. ज्याला घर मानवतं त्याने घरी आणि ज्याला ऑफिस मानवतं त्याने ऑफिसात बसावं. महासाथीत हीच निवड कुणाला नव्हती. २०२० चा अनुभव त्यामुळे साध्या घरून कामापेक्षा वेगळा धरायला हवा : शाळा बंद, भीती, आजारपण आणि घराबाहेर पडायला मनाई, या सगळ्यासकट आलेलं ते काम होतं.

---

उंबरठा

शेवटचं वाक्य वाचून थांबले, कारण ते माझ्या घराचं वर्णन आहे. दोन खोल्या, ऑनलाइन शाळा असलेली दोन मुलं, दमा असलेले सासरे आणि आम्ही दोघं कामावर. या परिस्थितीत आमच्याकडे नियम निघाला की मीटिंगमध्ये कॅमेरा चालूच हवा, 'म्हणजे सगळे जोडलेले राहतील'.

कॅमेरा चालू ठेवायचा म्हणजे माझ्या मागची भिंत दिसणार, वाळत घातलेले कपडे दिसणार, मूल रडत आलं तर ते दिसणार. मी कामात लक्ष देण्याऐवजी चौकटीत काय दिसतंय यावर लक्ष देत होते. याला जोडलं जाणं म्हणायचं? माझं घर हे माझ्या कुटुंबाचंही घर आहे आणि त्यांनी नोकरीच्या करारावर सही केलेली नाही.

स्टॅनफर्डचे जेरेमी बेलन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ मीटिंगच्या थकव्याची चार कारणं मांडली. ती वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की माझ्यात काही कमी नाही. सतत अगदी जवळून रोखलेल्या नजरा. दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणं. चौकटीत राहायचं म्हणून हालचाल बंद. आणि खूण म्हणून मुद्दाम ठळकपणे मान हलवणं, हात वर करणं, म्हणजे एरवी आपोआप होणाऱ्या गोष्टींसाठी वेगळी मेहनत. त्याच वर्षी एका कंपनीतल्या १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यातही कॅमेरा चालू असलेल्या दिवशी थकवा जास्त आणि मीटिंगमधला सहभाग कमी दिसला. स्त्रियांना आणि नव्याने रुजू झालेल्यांना हा त्रास अधिक झाला होता.

माझा साधा आग्रह आहे : कॅमेरा कधी लावायचा हे ज्याचं घर आहे त्याने ठरवावं. आणि लावलाच तर स्वतःचं चित्र आपल्यापुरतं लपवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती वापरा. एवढ्याने खूप फरक पडतो.

---

एकांतवासी

माझं उलटं. घरात मी एकटा. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की सोमवार सकाळपर्यंत तोंडातून एक शब्द बाहेर पडायचा नाही. सोमवारी पहिल्या मीटिंगला घसा साफ केल्याशिवाय आवाज फुटायचा नाही.

साथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार आणि नैराश्याचं प्रमाण जगभरात २५ टक्के वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. त्यात मी मोजला गेलो असेन की नाही माहीत नाही, पण तिथून फार दूरही नव्हतो.

मला जे उपयोगी पडलं ते सांगतो, कुणाला तरी पुढे लागेल. एका सहकाऱ्याने सुचवलं की आपण कॉल लावून ठेवू आणि आपापलं काम करू. बोलायचं नाही. त्याच्या कीबोर्डचा आवाज, खुर्ची सरकल्याचा, दूरवर दार लागल्याचा. मधूनच कुणीतरी 'हे जरा बघ रे' म्हणायचं. हळूहळू आणखी दोघं यायला लागले. ही खोली सकाळी उघडायची आणि दुपारी बंद व्हायची, यायची सक्ती नाही, हजेरी नाही. पायवाट म्हणतात त्या जिन्यातल्या गप्पांच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मला तीच वाटली. कारण त्यात बोलणं ठरवून होत नव्हतं, सुचलं तर होत होतं.

गप्प माणसाला फोन करायची जबाबदारी एकाकडे द्यायची, हे वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे ते असतं तर.

---

अर्धविराम

एकांतवासी, हे लिहिलंत हे बरं केलंत. आता कसे आहात?

---

एकांतवासी

आता बरा आहे. ती खोली अजून चालू आहे.

---

काठावरची

मला ऐकू कमी येतं. दोन्ही कानांना यंत्र आहे आणि बाकीचं मी ओठांवरून वाचते. त्यामुळे पायवाट यांची 'फक्त आवाज' ही गोष्ट माझ्यासाठी बंद दार आहे आणि उंबरठा यांची 'कॅमेरा बंद' हीसुद्धा. दोघांचीही कारणं मला पूर्ण पटतात, म्हणून भांडायला आलेली नाही. पण हा मुद्दा धाग्यात हवा. जगात ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी उपचार किंवा साधनांची गरज आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे तुमच्या ऑफिसात माझ्यासारखं कुणीतरी बहुधा आहेच, त्याने सांगितलं नसेल इतकंच.

साथीने मला दोन विरुद्ध गोष्टी दिल्या. बाहेर सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि माझं बाहेरचं जग एका दिवसात मुकं झालं. रांगेत, दवाखान्यात, कुठेही कोण काय बोलतंय ते कळेना. मास्क काढा म्हणणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. घरी, पडद्यावर मात्र मास्क नव्हते. प्रत्येक चेहरा समोरून, पुरेशा उजेडात, एकाच अंतरावर. ऑफिसातल्या लांबलचक टेबलाच्या टोकाला बसून मी जे कधी पकडू शकले नव्हते ते पकडू लागले. त्यात बोललेले शब्द पडद्यावर आपोआप उमटवणाऱ्या मथळ्यांची (कॅप्शन) सोय सुरू झाली. दोन भाषा मिसळून बोललं की ते मथळे भरकटतात, नावांची तर दैना करतात, पण अर्धं वाक्य ओठांवरून आणि अर्धं मथळ्यावरून जुळवता येतं.

आणखी एक गोष्ट, जी मला आजही बोचते. घरून काम करायची परवानगी मी साथीच्या आधी मागितली होती आणि 'या कामात ते शक्यच नाही' असं उत्तर मिळालं होतं. मग सगळ्यांवरच वेळ आली आणि तेच काम आठवडाभरात शक्य झालं. चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्या, सतत दुखणं सोसणाऱ्या कितीतरी जणांचा हाच अनुभव आहे. साथ ओसरल्यावर या सवलती काढून घेतल्या तर त्यांच्यासाठी ते ऑफिस पुन्हा बंद होतं.

मीटिंगमध्ये एका वेळी एकानेच बोलावं. बोलणाऱ्याने खिडकीकडे पाठ करून बसू नये, चेहरा काळा दिसतो. ठरलेलं सगळं शेवटी दोन ओळींत लिहावं. यात कुणाचं काहीच जात नाही.

---

पायवाट

काठावरची, मुद्दा पूर्ण मान्य. जोडीतल्या दोघांनी आधी माध्यम ठरवायचं, आवाज, व्हिडिओ की लेखी, हे नियमात हवं.

---

रातकिडा

मी नेटवर्कचं काम करतो, तेव्हा तांत्रिक बाजू थोडी मांडतो. कारण माणसं तुटतात त्यात एक मोठा वाटा साध्या विलंबाचा असतो आणि त्याचा दोष मात्र स्वभावाला दिला जातो.

दोन माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. २००९ मध्ये दहा अगदी वेगवेगळ्या भाषांचा अभ्यास झाला, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच आढळलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी आहे की आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत आणि ४०० च्या वर गेलं तर संभाषण चालवणंच कठीण. आता हिशोब करा. जायला १५०, उत्तर यायला १५०, वर माणसाचे स्वतःचे २००. बोलणाऱ्याच्या कानाला हा थांबा अर्ध्या सेकंदाचा होतो. समोरासमोर इतका थांबा आला की आपण समजतो की हा कचरतोय, किंवा याला पटलेलं नाही. पडद्यावरही मन तेच समजतं. २०१४ च्या एका जर्मन प्रयोगात सव्वा सेकंदाच्या आसपास विलंब घातल्यावर लोकांना समोरचा माणूस कमी लक्ष देणारा आणि कमी आपुलकीचा वाटला. मग दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, 'तुम्ही बोला, तुम्ही बोला' होतं. दिवसभर असं झालं की माणसं बोलायचंच टाळतात.

याला काय करता येतं? बरंच. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत साधी केबल लावा. भिंतीपलीकडून येणाऱ्या वायफायवर विलंब सारखा कमीजास्त होतो आणि तो स्थिर विलंबापेक्षा वाईट. घरातलं कुणी मोठी फाइल वर चढवत असेल किंवा फोटोंचा बॅकअप चालू असेल तर राउटरमध्ये रांग लागते आणि तुमचा आवाज त्या रांगेत अडकतो. कामाच्या वेळात बॅकअप थांबवा. ब्लूटूथ हेडफोन स्वतःचा विलंब वाढवतो, वायरवाला चांगला. हेडफोन वापरलाच पाहिजे, कारण स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरू नये म्हणून ॲप मधेमधे माइकच दाबून टाकतं, म्हणून शब्द तुटतात.

आणि नेट कमी असेल तर व्हिडिओ आधी सोडा. चांगल्या आवाजाला सेकंदाला शंभराहून कमी किलोबिट पुरतात, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट लागतात. मार्च २०२० मध्ये युरोपीय आयोगाच्या विनंतीवरून नेटफ्लिक्सने तिथल्या व्हिडिओचा दर्जा उतरवून नेटवर्कवरचा भार सुमारे २५ टक्के कमी करायचं ठरवलं होतं, ते याचसाठी. झूमच्या मीटिंगांतली रोजची हजेरी डिसेंबर २०१९ मध्ये जास्तीत जास्त १ कोटी होती, ती एप्रिल २०२० मध्ये ३० कोटींवर गेली. एवढा भार येऊनही इंटरनेट टिकलं, यात रात्रंदिवस खपलेल्या माझ्या व्यवसायातल्या असंख्य माणसांचा वाटा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

---

दुसरी_पाळी

सगळं वाचलं. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे, तेव्हा घरून काम माझ्या वाट्याला आलंच नाही. शिकागो विद्यापीठातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये हिशोब मांडला होता की अमेरिकेतसुद्धा पूर्णपणे घरून करता येतील अशा नोकऱ्या ३७ टक्केच. गरीब देशांत त्याहून कमी. बाकी सगळे रोज बाहेर पडत होते.

आमचं चित्र तुमच्या बरोबर उलट होतं. कामावर माणसं भरपूर, एकांत घरी. पाळी संपवून आलं की वेगळ्या खोलीत जायचं आणि दाराबाहेर ठेवलेलं ताट उचलायचं. मुलगी दाराच्या पलीकडे बसून शाळेत काय झालं ते सांगायची आणि मी अलीकडे बसून ऐकायचे. त्या दिवसांत माझ्या घरून काम करणाऱ्या बहिणीने एक गोष्ट केली. रोज रात्री एकाच वेळी फोन. तिने कधी 'आज किती पेशंट गेले' असं विचारलं नाही. तिच्या झाडांबद्दल सांगायची. माझी पाळी बदलली की तिची वेळ बदलायची, मला आठवण करावी लागली नाही.

वॉर्डातल्या परिचारिका रुग्णांच्या समोर फोन किंवा टॅबलेट धरून उभ्या राहायच्या, कारण नातेवाइकांना आत यायला बंदी होती. दोन हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, घाम, आणि हातात कुणाचा तरी मुलगा पडद्यावर. दूर राहून जोडलेलं राहणं म्हटलं की मला आधी त्या आठवतात. पुढच्या वेळच्या तयारीत हे काम कुणाचं, त्यासाठी वेगळं माणूस असेल का, हे आधीपासून ठरलेलं असावं. ते परिचारिकेच्या उरलेल्या वेळातलं काम नाही. तिच्याकडे उरलेला वेळ नसतो.

---

उंबरठा

दुसरी_पाळी, तुमच्या प्रतिसादापुढे काय लिहावं कळत नाही. तुम्हाला आणि त्या सगळ्याजणींना मनापासून नमस्कार.

---

नवीपालवी

मी पहिल्या नोकरीत रुजू झाले तेव्हा ऑफिस बंद होतं. घरी कुरिअरने लॅपटॉप आला आणि मी 'रुजू' झाले. वर्षभर एकाही सहकाऱ्याला प्रत्यक्ष पाहिलं नाही. पायवाट यांनी अर्धवट ओळखीची माणसं तुटली असं लिहिलंय, पण माझ्याकडे तुटायला काही नव्हतंच. बाकीचे आधीच्या ओळखीच्या शिदोरीवर तग धरून होते.

सर्वांत अवघड होतं ते कुठला प्रश्न कुणाला विचारायचा हे न कळणं. शेजारी बसलेल्या माणसाकडे बघून कळतं की तो आता मोकळा आहे, आता विचारावं. पडद्यावर हिरवा ठिपका दिसतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. एक साधा प्रश्न मनात घेऊन मी तासन् तास बसायचे.

मग गटातल्या एका वरिष्ठ ताईंनी दोन गोष्टी केल्या. एक, त्यांनी स्वतःचे प्रश्न सगळ्यांच्या चॅनेलवर विचारायला सुरुवात केली, अगदी साधे वाटणारेसुद्धा. इतका अनुभव असलेली बाई सगळ्यांसमोर 'हे कसं करतात?' विचारते म्हटल्यावर मलाही धीर आला. शिवाय ती उत्तरं तिथेच राहिली, नंतर आलेल्यांना शोधून सापडली. दुसरं, रोज दुपारी त्या अर्धा तास नुसत्या उपलब्ध असायच्या. कॉल चालू, कुणी यावं, न यावं. मी पहिले काही दिवस गेले नाही. मग गेले.

आता माझ्याकडे दोन नवीन मुलं येणार आहेत, दोघंही दुसऱ्या शहरातून काम करणार. जोडीची कल्पना वापरायची आहे. पण मीच त्यांची वरिष्ठ, मी 'गप्पा मारायला फोन करते' म्हटलं तर ती परीक्षेसारखी वाटणार नाही का?

---

पायवाट

वाटेल. म्हणून तुमची जोडी त्यांच्याशी लावू नका. त्यांना दुसऱ्या विभागातला, त्यांच्याच आगेमागे नोकरीला लागलेला सोबती द्या, ज्याचा त्यांच्या मूल्यमापनाशी काहीही संबंध नाही. तुम्ही ताईंसारखा दुपारचा अर्धा तास ठेवा. आणि पहिल्या महिन्यात दोघांची इतर पाचसहा जणांशी नावानिशी ओळख करून द्या : 'हे असं असं काम करतात, अमुक अडलं तर यांना विचार.' ओळख करून देणाऱ्याचं नाव पाठीशी असलं की अनोळखी माणसाला मेसेज करायला कमी धीर लागतो.

---

काठावरची

आणि पहिल्याच दिवशी दोघांना विचार की तुम्हाला बोलणं सोयीचं की लिहिणं, कॅमेरा हवा की नको, कुठल्या वेळा नकोत. सगळ्यांनाच विचारायचा प्रश्न म्हणून विचार. मग ज्याला खरंच काही सांगायचं असेल त्याला वेगळं होऊन सांगावं लागत नाही.

---

नवीपालवी

लिहून घेतलं. मुलं पुढच्या आठवड्यात येतायत. पहिला महिना झाला की इथे सांगते.